मागची सीट

गतिरोधक तिला दिसला होता. गंगापूर रोडवर, सोमेश्वरच्या अलीकडे, एका नव्या मंगल कार्यालयासमोर बहुधा आदल्याच दिवशी घातलेला. अजून पांढरे पट्टेही मारलेले नव्हते, नुसता डांबराचा उंचवटा. पण सकाळचं तिरपं ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि नव्या डांबराचा काळा पट्टा रस्त्यावर आडवा उठून दिसत होता. सरोजिनीला तो चांगला लांबून दिसला. आता सांगायला हवं, असंही मनात आलं. शब्द तोंडात तयार होता. तिने ब्रेक थोडा दाबला, हँडल घट्ट धरलं, स्वतः सीटवरून किंचित उठली आणि बोलली नाही. पुढचं चाक चढून खाली आपटलं, मग मागचं, आणि मागच्या सीटवरून दातावर दात आपटल्याचा आवाज आला. “अगं—” विश्वेश म्हणाला आणि पुढचं त्याने गिळलं. तिने सायकल कडेला घेतली. त्याने रुमाल तोंडाला लावला, काढला आणि जुन्या सवयीने त्याच्याकडे मान खाली केली. रुमालावर रक्ताचा ठिपका होता. तो त्याला दिसणार नव्हता. तिला दिसला. “जीभ चावली,” तो म्हणाला, “विशेष काही नाही. सांगायचंस ना.” “दिसला नाही,” ती म्हणाली. त्यावर तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, “ऊन समोरून येत असेल या वेळेला. डोळ्यांवर येतं.” ऊन पाठीमागून येत होतं. ते त्यालाही मानेवर लागत असणार. आपण बोललेल्या खोट्याला त्यानेच आधार शोधून दिला, याने तिला जे झालं ते जीभ चावण्यापेक्षा वाईट होतं.

दिवसभर शाळेत ती सातवीला अपूर्णांक शिकवत होती आणि आत कुठेतरी तोच प्रश्न उभा होता, की शब्द का आला नाही. राग आला होता म्हणावं तर तो नव्हता. सकाळी दोघं चहा पिऊन नेहमीसारखे निघाले होते, वाद नाही, रुसवा नाही. फार चालून आल्यावर माणूस खुर्चीत बसतं आणि मोरीतला नळ गळताना ऐकू येतो, उठून बंद करावा हे कळतं, पण पाय उठत नाहीत, तसं काहीसं झालं होतं. शब्द उठला नाही. एवढंच. पण एवढंच असेल तर उद्या रस्त्यात खड्डा असेल, ट्रक असेल, आणि शब्द उठलाच नाही तर? फळ्याकडे पाठ करून ती उभी राहिली तेव्हा मुलं गप्प झाली. तिला वाटलं, ही अशीच गप्प राहिली तर किती बरं. कोणीच कोणाला काही सांगू नये. तिचा घसा गेले कित्येक महिने बसलेला होता. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलणं कमी करा. शाळेत शिकवणाऱ्या आणि घरी आंधळा नवरा असलेल्या बाईला हे सांगताना त्यांना हसू कसं आलं नाही, याचं तिला तेव्हाही नवल वाटलं होतं.

आंधळा हा शब्द ती मनातच वापरायची. विश्वेश स्वतः म्हणायचा, “मला दिसत नाही,” जणू आत्ता इथे दिवे गेले आहेत आणि येतील. काचबिंदूने त्याची नजर दोन्ही बाजूंनी पडदे ओढत आणल्यासारखी बारीक होत गेली होती, आणि ते कळलं तेव्हा खूप उशीर झाला होता. मधे उरलेली फट एका पावसाळ्यात मिटली. आता उजेड आणि काळोख एवढंच कळतं. तो कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा. सह्याद्रीचे हे सगळे डोंगर म्हणजे थंड झालेली आग आहे, असं तो विद्यार्थ्यांना सांगायचा. भेगांमधून लाव्हा आला, पसरला, गोठला, त्याच्यावर दुसरा आला, म्हणून पायऱ्या पायऱ्यांचे डोंगर. लग्नाआधीपासून दोघं सायकलवर हे डोंगर हिंडत आले होते. तेव्हा सायकली वेगळ्या होत्या. तो पुढे जायचा आणि कुठेतरी रस्त्याच्या कापलेल्या कातळापाशी थांबून वाट बघायचा. ती धापा टाकत पोचायची तर हा दगडाला डोळे लावून उभा. ती मागे राहायची त्या मधल्या वेळात तिच्याबरोबर कोणी नसायचं. घाटाचं एखादं वळण, वाळलेल्या गवताचा वास, आपलाच श्वास. त्या मधल्या वेळाची आपल्याला इतकी आठवण येते हे तिला आता आता कळू लागलं होतं.

दोन सीटांची जोडसायकल तिनेच शोधून काढली होती. त्याचे डोळे गेल्यावर तो खिडकीपाशी बसून राहायचा, आणि एकदा तिने त्याला भिंतीवर लावलेल्या जुन्या नकाशावरून बोट फिरवताना पाहिलं, सपाट कागदावरून, जिथे हाताला काहीच लागणार नव्हतं. ते बघवलं नाही. पुण्याच्या एका जोडप्याकडून तिने ती सायकल आणली. पुढे ती बसली, मागे तो. पहिल्या दिवशी वेड लागल्यासारखा तो हसत होता. तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं होतं, “काय दिसतंय?” आणि ती सांगत सुटली होती. पांडवलेणी दिसतायत, त्यांच्यावर अर्धी सावली आहे, खालची शेतं पोपटी आहेत, नाही, पोपटी नाही, लसणाच्या पातीसारखी. “वा,” तो मागून म्हणाला होता. मग तिला तो नादच लागला. त्र्यंबकवरून जव्हारला जाताना, पेठच्या रस्त्यावर सावळघाटात, नांदुरीच्या चढावर ती सांगत राहिली. रंगांसाठी शब्द शोधू लागली, रात्री अंथरुणावर पडल्यावर सुद्धा. हळूहळू असं झालं, की डोंगर समोर आला की तो तिला डोंगर म्हणून दिसेनासा झाला. त्याचं वाक्यच दिसायचं. वाक्य सापडलं की ती पुढे बघायची. आणि मग कधीतरी वाक्यंही जुनीच येऊ लागली. गेल्या वर्षीचा डोंगर ती या वर्षी सांगायची. मागून “हं” यायचं. तो “हं” सुद्धा आखूड होत चालला आहे असं तिला वाटायचं, पण तिने त्यावर विचार केला नाही. विचार करायचा म्हणजे कुठेतरी थांबायला हवं.

त्यांची मुलगी इरा हैदराबादला होती. ती फोनवर म्हणायची, “आई, माझ्या ऑफिसात सगळ्यांना तुमचे फोटो दाखवते मी. तुम्ही दोघं म्हणजे ना, कमाल आहात.” शहरातल्या एका दैनिकात त्यांच्यावर लेख आला होता. शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांनी तो वाचला. त्यात लिहिलं होतं, की सरोजिनीताई पतीचे डोळे झाल्या आहेत. त्या दिवशी आरशासमोर केस विंचरताना तिने स्वतःच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे झाल्या आहेत. म्हणजे बाकीचं कुठे गेलं, असं तिला विचारावंसं वाटलं. पण कोणाला विचारणार? सगळ्यांना फार आनंद झाला होता.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात विश्वेश म्हणाला, “सुरगाण्याचा तेवढा राहिलाय.” त्याने डोळे असताना आखून ठेवलेले जे सायकलचे रस्ते होते, त्यातला तो शेवटचा. दिंडोरी, ननाशी, बाऱ्हे, सुरगाणा, आणि तिथून वर बोरगावला चढून हातगडाच्या पायथ्याशी. वाटेत लाव्ह्याचे थर एकावर एक कसे चढत जातात ते या रस्त्यावर सगळ्यात नीट कळतं, असं तो म्हणायचा. तिला सांगायचं होतं, की मी दमले आहे. पण दमले म्हटलं की तो म्हणेल, राहू दे मग, आणि खिडकीपाशी जाऊन बसेल, आणि काहीही म्हणणार नाही. त्या न म्हणण्याला तोंड देण्यापेक्षा सायकल मारणं सोपं होतं. तिने शाळेत रजा टाकली.

दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांचे हिरवे मांडव सुरू झाले तेव्हा समोरून सुरगाण्याकडच्या जीपगाड्या येत होत्या. टपावर बोचकी, आत खच्चून भरलेली माणसं, बागांच्या कामाला निघालेली. एका जीपमधून कोणी बाई ओरडली, “म्हातारे जोडीनं निघाले गं!” आणि आतले सगळे हसले. विश्वेशही हसला. सरोजिनीला हसू आलं नाही. ननाशीच्या पुढे डोंगर जवळ आले, पण हिवाळी धुरक्यात ते विरून गेले होते. “आता उजवीकडे मोठा डोंगर असेल,” तो म्हणाला. “काय दिसतंय?” उजवीकडे काही दिसत नव्हतं. राखेच्या रंगाची नुसती हवा होती. “आहे,” ती म्हणाली. “तीन पायऱ्या स्पष्ट आहेत. वरची थोडी ढासळलेली. मधल्या पायरीवर झाडी आहे, काळपट.” बोलताना तिचा आवाज इतका सहज होता, की तिला स्वतःची भीती वाटली. मागून “हं” आलं. मग बराच वेळ चाकांचा आणि साखळीचा आवाज. आपण नसलेला डोंगर त्याला दिला आणि त्याने घेतला. या विचाराने तिला लाज वाटायला हवी होती, पण मुक्कामाला पोचेपर्यंत तिच्या मनात एकच गोष्ट होती, की गरम पाण्यात पाय टाकून बसावं आणि दार लावून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी सुरगाणा सोडलं. कापून झालेली भाताची खाचरं, नागलीचे मोकळे उतार, आणि त्यांच्यामधून वर चढत गेलेला रस्ता. ऊन चढलं. घाट सुरू झाल्यावर पहिल्याच वळणावर तो म्हणाला, “कातळ जवळ आला ना? आवाज परत येतोय. काय दिसतंय?” ती म्हणाली, “कातळ.” “कसा?” “काळा.” पुढच्या वळणावर त्याने पुन्हा विचारलं, आवाजात तीच सौम्य उत्सुकता. तिने ब्रेक दाबला आणि पाय खाली टेकला. इतक्या वर्षांत चढावर मधेच पाय टेकला नव्हता तिने. “काय झालं?” “काही नाही. थांबू या.” तिला श्वास लागत नव्हता. पोटऱ्या दुखत होत्या, पण त्या रोजच दुखत. ती हँडलवर कपाळ टेकून उभी राहिली आणि तिला कळलं, की आता याने आणखी एकदा विचारलं तर आपण या माणसाला काहीतरी भयंकर बोलू.

तेवढ्यात खालून एक रिकामी जीप आली आणि त्यांच्यापाशी थांबली. चालवणाऱ्या तरुणाने डोकं बाहेर काढलं. “काय मावशी, पंचर झाली का?” “नाही, नुसते थांबलोय.” “बोरगावला चाललो मी, पॅसेंजर आणायला. बसा ना. घाट लय खडा हे पुढं. सायकल टाकू टपावर.” विश्वेश आवाजाच्या दिशेला वळून हसून म्हणाला, “नको रे बाबा, आम्ही चढायलाच आलोय.” आणि त्याच वेळी सरोजिनी म्हणाली, “यांना घेऊन जा.” हे आपण बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. विश्वेशचा चेहरा तिच्या बाजूला वळला. “म्हणजे?” “तू जीपमधून वर जा. मी येते सायकल घेऊन.” “एकटी?” “हो.” “अगं, पण ही रिकामी सायकल चढावर—” “विश्वेश,” ती म्हणाली, “मला थोडा वेळ एकटीला येऊ दे. मला कोणाशी बोलायचं नाहीये. थोडाच वेळ.” शेवटचे शब्द बसलेल्या घशातून नीट बाहेरही पडले नाहीत. जीपवाला तरुण, गोरक्ष त्याचं नाव, हे तिला नंतर विश्वेशकडून कळलं, दुसरीकडे बघू लागला, जसं नवराबायकोचं चालू असताना माणसं बघतात. विश्वेशने खिशातून घडीची काठी काढली, झटकून लांब केली आणि म्हणाला, “बरं.” एवढंच. गोरक्षने त्याचा हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. “वरती घाट संपायच्या जरा अलीकडं भागुबाईचं चहाचं छप्पर हे. तिथं उतरवतो बाबांना. काळजी नका करू,” तो म्हणाला. जीप वळणाआड गेली. तिचा आवाज अजून दोन वळणं ऐकू येत राहिला, मग तोही बंद झाला.

मग जे होतं ते तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. खाली दरीत कोणीतरी लाकूड फोडत होतं, आणि कुऱ्हाड पडलेली आधी दिसायची, घाव मग ऐकू यायचा. सुक्या पानांवरून सरडा गेला. ती सायकलवर बसली आणि पायडल मारू लागली. मागची सीट रिकामी होती आणि सायकल हलकी व्हायला हवी होती, पण ती विचित्र जड लागत होती. मागचं टोक हलत होतं, चढावर पुढचं चाक डुलत होतं. तिला त्याचं काही नव्हतं. समोर दरीच्या पलीकडे डोंगर होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि सवयीने वाक्य आलं. ती थांबली, ते जाऊ दिलं. दुसरं आलं, तेही जाऊ दिलं. मग बराच वेळ काही आलं नाही. डोंगर नुसता होता. तिला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. एका वळणावर ती उतरून चालू लागली, हँडल धरून, आणि तिला आठवलं, पेठच्या रस्त्यावर ती तरुणपणी अशीच सायकल ढकलत होती आणि वर कातळापाशी थांबलेला विश्वेश तिला लांबून हात करत होता. तिने मुद्दाम पावलं हळू केली होती. तेव्हाही. म्हणजे हे डोळ्यांमुळे नव्हतं, असं तिच्या मनात आलं. मी आधीपासूनच अशी होते. माणसापासून थोडी लांब राहिले की मला श्वास येतो. हे कळून तिला बरं वाटलं की वाईट, हे तिला ठरवता येईना, आणि चढ अजून संपत नव्हता.

भागुबाईचं छप्पर म्हणजे चार बांबूंवर टाकलेला पत्रा, एक चूल आणि बाकडं. बाकड्यावर कोणी नव्हतं. म्हातारी चुलीत काटक्या सारत होती. “इथे एक गृहस्थ आले होते ना जीपमधून? काठीवाले?” सरोजिनीने विचारलं. “आले व्हते की,” म्हातारी म्हणाली. “चहा पेले. मंग उठले न् निघाले पुढं. मी म्हनलं, बाबा, बसा, बाई येतील. ते म्हने, येतील तवा येतील.” “पुढे कुठे?” “रस्त्यानं. बोरगावकडं.” “एकटे? अहो, त्यांना दिसत नाही!” “त्ये मला कळलं ना,” भागुबाई शांतपणे म्हणाली, “पन मोठ्या मान्साला धरून ठेवाचं का?” सरोजिनीने रस्त्याकडे पाहिलं. भाजीचा एक पिकअप हॉर्न न वाजवता जोरात खाली गेला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा, तोही मधे मधे तुटलेला. येतील तेव्हा येतील. म्हणजे तो रागावला आहे. रागावून तो कधी कुठे गेला नव्हता, डोळे असतानाही नाही. सायकलवर नीट बसता सुद्धा येईना तिला. ती पळू लागली, सायकल बाजूला ढकलत, पायडल नडगीवर आपटत होतं. तिला हाक मारायची होती आणि घशातून फक्त हवा येत होती. आत्ता मला बोलता यायला हवं, एकदा, मोठ्याने. पुन्हा कधी काही मागणार नाही. असं काहीतरी ती मनात म्हणत होती, कोणाला उद्देशून हे तिलाही माहीत नव्हतं.

वळणापलीकडे तो होता. रस्ता रुंद करताना डोंगर उभा कापला होता तिथे, कातळाला तोंड करून. काठी कोपरावर अडकवली होती आणि दोन्ही तळवे दगडावर. तो एक एक पाऊल बाजूला सरकत होता आणि हात खालून वर, वरून खाली नेत होता. मधेच थांबून नखाने काहीतरी खरवडायचा, बोट नाकाशी न्यायचा. खांद्याच्या उंचीवर काळ्या कातळामधे वीतभर रुंदीचा तांबडा पट्टा गेला होता. त्यावर त्याचे हात थांबले. तिथे तो बराच वेळ थांबला. त्याचा चेहरा एका बाजूने दिसत होता. तो चेहरा तिने कधी पाहिला होता ते तिला आठवेना. पाहिलेला नक्की होता. कोणी आपल्याकडे बघतंय याची ज्याला कल्पना नाही, कोणाला बरं वाटावं म्हणून ज्याला काही करायचं नाही, अशा माणसाचा चेहरा. ती हाक मारणार होती ती थांबली. धाप तोंडावर हात धरून आवरली. समोरून एक मोटरसायकल आली, तेव्हा तो न घाबरता कातळाला चिकटला, ती गेली आणि पुन्हा हात चालू झाले. इथे कोणाची गरज नव्हती.

“सरोज?” तो न वळता म्हणाला. “कधीची उभी आहेस?”

“आत्ताच आले.”

“नाही. सायकलचा आवाज मघाशीच थांबला.”

ती जवळ गेली. “एकटा कसा आलास? काही झालं असतं म्हणजे?”

“भिंतीला धरून आलो. भिंत संपली की वारा लागतो, मग थांबायचं. कठीण नाही.” त्याने तिचा हात शोधला आणि तांबड्या पट्ट्यावर ठेवला. तिथला दगड दगडासारखा नव्हता, भाजलेल्या विटेसारखा होता, बोटाला त्याची पूड लागली. “खालचा लाव्हा येऊन गोठला. मग खूप काळ काहीच आलं नाही. तेवढ्या वेळात इथे माती झाली, गवत सुद्धा उगवलं असेल. मग वरचा आला आणि त्याने ती भाजून टाकली. ती ही.” तो हे शिकवायच्या आवाजात बोलला नव्हता. स्वतःशीच बोलल्यासारखं होतं. मग म्हणाला, “बरं वाटलं इथे.”

“मी नव्हते म्हणून?” तिला हे विचारायचं नव्हतं.

त्याने तळव्यांना लागलेली तांबडी पूड झटकली. “कोणी काही सांगत नव्हतं म्हणून,” तो शेवटी म्हणाला. “सरोज, तू छान सांगतेस. पण तू सांगितलंस की मला ते दिसायला लागतं. म्हणजे दिसायला हवं. मी फार जोर लावतो गं. लसणाच्या पातीसारखा हिरवा म्हटलं की मी तो रंग ओढून आणायला बघतो, आणि आताशा येतच नाही. रंग जायला लागलेत माझे. आठवणीतले पण. घरी पोचतो तेव्हा माझं डोकं नुसतं दुखत असतं.”

“मग विचारतोस कशाला?” तिचा आवाज चिरकला. “दर वळणाला विचारतोस, काय दिसतंय, काय दिसतंय!”

“तुला बरं वाटावं म्हणून,” तो म्हणाला. “मागे नुसता बसलो, काही बोललोच नाही, तर तुला वाटेल आपण पोतं वाहून नेतोय.”

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. इतकी वर्षं. अंथरुणावर पडून शोधलेले शब्द, बसलेला घसा, ते सगळे हिरवे आणि जांभळे, ते पायऱ्यांचे डोंगर, असलेले आणि नसलेले. तो ते मागत होता तिच्यासाठी आणि ती ते देत होती त्याच्यासाठी. “मला कंटाळा आला होता,” ती म्हणाली. “सांगण्याचा. खूप आधीपासून.” “ठाऊक आहे,” तो म्हणाला, “आवाजात येतो.” आता हलकं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. हलकं वाटलं नाही. वाटलं ते असं, की इतके दिवस आपण जिथे कामाला जात होतो तिथलं दार बंद झालंय आणि आता सकाळी उठून कुठे जायचं ते कळत नाही. त्याच्यावर राग आला, मग स्वतःवर, मग तोही ओसरला, कारण राग धरायलाही ताकद लागते. तो चाचपत तिच्या शेजारी येऊन बसला. दोघांचे गुडघ्याला गुडघे लागले. दरीतून आता लाकूड फोडण्याचा आवाज येत नव्हता. जेवायची वेळ झाली असेल, किंवा काम संपलं असेल.

“निघू या?” बऱ्याच वेळाने तिने विचारलं. “निघू या,” तो म्हणाला.

बोरगाव अजून वर होतं. ती पुढे बसली, तो मागे. “सुटलो,” ती म्हणाली, सायकल निघताना मागच्याला तेवढं सांगावंच लागतं, आणि चाकं फिरली. मघाची पळापळ आता पायांत उतरली होती. पहिल्याच उभ्या चढावर तिच्या मांड्या थरथरू लागल्या आणि मग त्यांनी काम सोडून दिलं. या सायकलवर पुढची आणि मागची पायडलं एकाच साखळीला जोडलेली असतात. एकाने मारलं की दुसऱ्याचे पाय आपोआप फिरतात, थांबायचं म्हटलं तर दोघांनी थांबावं लागतं. सायकल आता थांबेल, असं तिला वाटलं. ती थांबली नाही. पायडलं फिरतच होती, मघापेक्षा हळू, पण फिरत होती, आणि तिचे बूट त्यांच्यावर नुसते ठेवलेले होते. तिने काही मागितलं नव्हतं, त्याने काही विचारलं नाही. तिचे पाय थांबल्याचं त्याला कळलं म्हणून हे होतं, का तो नेहमीच इतका जोर लावत आला होता आणि तिला कळलं नव्हतं, हे तिला समजेना. तिने फक्त हँडल सरळ धरलं. उजव्या हाताला धुरक्यातून हातगड वर आला होता, आणि त्याच्या माथ्यावर उन्हाचा एक तुकडा पडला होता, ज्याच्या रंगासाठी तिने शब्द शोधला नाही. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता, जड, घरघरणारा, म्हाताऱ्या माणसाचा. तिला पुन्हा जोर लावता आला असता, थोड्या वेळाने. पण चढ संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली आणि त्याने तिला वर नेलं.